शाळेच्या लेखनात पुस्तकांची, कवितांची आणि लेखांची नावे कशी लिहायची

निबंधाच्या वहीत असे वाक्य वारंवार भेटते : “सुट्टीत मी बटाट्याची चाळ व्यक्ती आणि वल्ली आणि श्यामची आई वाचली.” लिहिणाऱ्याने तीन पुस्तके वाचली आहेत. पण कुठले नाव कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे वाचणाऱ्याला अंदाजाने ठरवावे लागते. ही पुस्तके माहीत नसतील, तर ‘वल्ली आणि श्यामची आई’ हेही एखादे पुस्तक वाटेल. इंग्रजीत कॅपिटल अक्षरांमुळे नाव निदान डोळ्यांत भरते. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नाहीत, त्यामुळे नावाची सुरुवात आणि शेवट दाखवण्याचे सगळे काम चिन्हांना करावे लागते.

त्यात मराठीची स्वतःची एक अडचण आहे. आपल्याकडे शब्दाला प्रत्यय लागला की शब्दाचे रूप बदलते : चाळ–चाळीत, चित्रे–चित्रांत, असूड–असुडात. तोच नियम पुस्तकाच्या नावाला लावला की नाव मोडते. खाली जे सांगितले आहे ते सगळे एकाच तत्त्वावर उभे आहे : शीर्षक हे लेखकाने लिहिलेले असते, ते जसेच्या तसे उचलायचे आणि व्याकरणाची कामे त्याच्या बाहेर करायची.

आधी नाव नीट उतरवून घ्या

नाव कव्हरवरून घेऊ नका. कव्हरवर सजावटीसाठी शब्द वरखाली मांडलेले असतात, विरामचिन्हे गाळलेली असतात, कधी उपशीर्षक मुख्य नावापेक्षा मोठे दिसते. पुस्तक उघडून आतले शीर्षकपान पाहा. त्याच्या मागच्या बाजूला प्रकाशक, आवृत्ती आणि वर्ष असते, तेही त्याच वेळी टिपून ठेवा. संदर्भसूची करायला बसल्यावर पुस्तक परत मागायला ग्रंथालयात जावे लागत नाही.

उतरवताना शुद्धलेखन सुधारू नका. हा सल्ला मराठीच्या तासाला उलटा वाटेल, पण त्यामागे कारण आहे. आज आपण जे नियम पाळतो ते १९६२ साली मान्य झालेले चौदा आणि १९७२ साली त्यांत भर पडलेले चार, असे अठरा नियम आहेत. त्याआधीची कितीतरी पुस्तके जुन्या लेखनपद्धतीने छापलेली आहेत. नंतरच्या काळातही काही लेखकांनी नाव मुद्दाम वेगळे ठेवले आहे. वि. स. खांडेकरांची १९५९ची कादंबरी ‘ययाति’ आहे, शेवटची इकार ऱ्हस्व. आजच्या नियमाने ती दीर्घ होईल, पण पुस्तकाचे नाव ‘ययाती’ नाही. व्यंकटेश माडगूळकरांचे पुस्तक ‘माणदेशी माणसं’ आहे, ‘माणदेशी माणसे’ नाही. अनुस्वार बोलीतला आहे आणि तो नावाचा भाग आहे. दया पवारांचे ‘बलुतं’ हे ‘बलुते’ होत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ आहे. सामासिक शब्दात ‘स्मृति’ ऱ्हस्वच राहतो, तरी ‘स्मृतीचित्रे’ असे लिहिलेले सतत दिसते.

एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्यांत लेखन वेगळे असेल, तर हातात असलेल्या आवृत्तीवर जे छापले आहे ते लिहा आणि संपूर्ण लेखनात तेच ठेवा. पु. ल. देशपांड्यांच्या पुस्तकाचे नाव ‘व्यक्ति आणि वल्ली’ असेही दिसते आणि ‘व्यक्ती आणि वल्ली’ असेही. दोन्ही चालतील, पण एकाच निबंधात दोन्ही नकोत.

नावातली विरामचिन्हे हीसुद्धा नावाचा भाग असतात. विजय तेंडुलकरांच्या नाटकाचे नाव ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ असे आहे. मधले उद्गारचिन्ह गाळले की कोर्टातली ती दटावणी जाते आणि नाव सपाट होते.

पूर्ण कृती की तिचा भाग?

चिन्ह लावण्याआधी हा एक प्रश्न विचारून घ्या : हे नाव स्वतंत्रपणे प्रसिद्ध झालेल्या गोष्टीचे आहे, की मोठ्या गोष्टीच्या आत असलेल्या लहान गोष्टीचे? कादंबरी, नाटक, कवितासंग्रह, आत्मचरित्र, वृत्तपत्र, मासिक या पूर्ण कृती. कविता, कथा, पाठ, प्रकरण, अग्रलेख, कोशातली नोंद हे भाग.

इंग्रजीत या दोन गटांसाठी चिन्हे वेगळी आहेत. मराठीत शाळेच्या पातळीवर दोन्हींसाठी एकेरी अवतरणचिन्ह वापरण्याची रीत रुळलेली आहे आणि ती पुरेशी आहे. फरक चिन्हाने दाखवण्याऐवजी कृतीचा प्रकार सांगून दाखवायचा :

कुसुमाग्रजांच्या ‘विशाखा’ या काव्यसंग्रहातील ‘कोलंबसाचे गर्वगीत’ ही कविता.

‘केसरी’ या वृत्तपत्रात १८९७ साली आलेला ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा अग्रलेख.

दोन्ही वाक्यांत मोठी कृती आधी आणि तिचा भाग नंतर, असा क्रम आहे. मराठीत ‘-तील’ हा जोड हातात असल्यामुळे हा क्रम सहज लागतो. उलट क्रमाने लिहिले की वाक्य अडखळते.

प्रकार सांगण्याचा आणखी एक उपयोग आहे. एकाच नावाच्या दोन कृती असतात, तेव्हा चिन्ह कितीही बिनचूक असले तरी पुरत नाही. ‘श्यामची आई’ हे साने गुरुजींचे पुस्तक आहे आणि आचार्य अत्रे यांचा १९५३चा चित्रपटही. ‘ययाति’ ही खांडेकरांची कादंबरी आहे आणि गिरीश कार्नाडांचे कन्नड नाटकही. पहिल्या उल्लेखात प्रकार आणि लेखक दोन्ही लिहा, पुढे नुसते नाव चालते.

लेखकाचे नाव पुस्तकावर जसे आहे तसेच घ्या. ‘विशाखा’वर कुसुमाग्रज हे नाव आहे आणि ‘नटसम्राट’वर वि. वा. शिरवाडकर. व्यक्ती एकच असली तरी कविता आणि नाटक यांसाठी त्यांनी वेगवेगळी नावे वापरली. निबंधात दोन्ही कृती येत असतील तर पहिल्यांदा एकदा ‘कुसुमाग्रज म्हणजेच वि. वा. शिरवाडकर’ असे स्पष्ट करा.

एकेरी की दुहेरी?

व्याकरणाच्या पुस्तकांत विभागणी सरळ आहे : कुणाच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे देताना दुहेरी, एखादा शब्द ठळकपणे वेगळा दाखवायचा असेल तर एकेरी. कृतीचे नाव दुसऱ्या गटात बसते, म्हणून एकेरी. नावांनाही दुहेरी चिन्ह लावले, तर रसग्रहणात कवितेच्या ओळी आणि कवितेचे नाव एकसारखे दिसू लागतात आणि वाचणारा गोंधळतो.

संतांच्या अभंगांना कवीने दिलेले शीर्षक नसते. ते पहिल्या ओळीने ओळखले जातात आणि ओळ हे अवतरण असल्याने तिथे दुहेरी चिन्ह योग्य : तुकारामांच्या “वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें” या अभंगात. जुने अनुस्वार तसेच ठेवा. पाठ्यपुस्तकाने अभंगाला स्वतःचे शीर्षक दिलेले असेल आणि उत्तर त्या पाठाबद्दल असेल, तर ते शीर्षक एकेरी चिन्हात लिहा.

चिन्हाशिवाय लिहायची नावेही आहेत. ज्ञानेश्वरी, दासबोध, भगवद्गीता, महाभारत, कुराण, बायबल यांची नावे भाषेत इतकी मुरली आहेत की ती विशेषनामांसारखी चालतात आणि त्यांना प्रत्ययही थेट लागतो : ज्ञानेश्वरीत, दासबोधात, गीतेच्या. इथे अवतरणचिन्ह चुकीचे नाही, पण परके वाटते. या ग्रंथांतील जागा पानाने नव्हे, ग्रंथाच्या स्वतःच्या विभागणीने सांगायची, कारण प्रत्येक आवृत्तीत पान बदलते. ज्ञानेश्वरीसाठी अध्याय आणि ओवी. दासबोधात वीस दशक आणि प्रत्येक दशकात दहा समास आहेत, म्हणून दशक, समास, ओवी असा क्रम. ‘पसायदान’ हे मात्र ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस येणाऱ्या भागाचे नाव असल्याने त्याला एकेरी चिन्ह द्यायला हरकत नाही.

प्रत्यय कुठे आणि कसा लावायचा

सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

पहिला नियम : प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय बंद होणाऱ्या चिन्हाच्या बाहेर, पण त्याला चिकटून. ‘कोसला’त, ‘कोसला’चा नायक, ‘ययाति’साठी, ‘केसरी’मधून. मध्ये मोकळी जागा सोडायची नाही. मराठीत शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडूनच लिहितात. हिंदीत ‘में’, ‘से’ सुटे लिहिले जातात आणि हिंदी वाचायची सवय असलेली मुले ‘कोसला’ मध्ये असे तोडून लिहितात. संगणकावर त्याचा आणखी एक तोटा होतो : ओळ नेमकी त्या जागेवर तुटली की ‘मध्ये’ एकटाच पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसतो.

दुसरा नियम : चिन्हाच्या आतले नाव सामान्यरूपात न्यायचे नाही. ‘बटाट्याच्या चाळी’त, ‘स्मृतिचित्रां’मध्ये, ‘शेतकऱ्याच्या असुडा’त ही सगळी रूपे चुकीची, कारण त्या नावाचे पुस्तकच नाही. ग्रंथालयाच्या संगणकात ‘शेतकऱ्याच्या असुडा’ शोधून काही हाती लागणार नाही. बरोबर रूपे : ‘बटाट्याची चाळ’मध्ये, ‘स्मृतिचित्रे’मध्ये, ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये.

आता अडचण अशी की काही नावांना प्रत्यय लावला की कानाला खटकते. ‘कोसला’त, ‘केसरी’त, ‘गुलामगिरी’त हे सहज वाटते, कारण नावाच्या शेवटी दीर्घ स्वर आहे. ‘नटसम्राट’त मात्र अडखळते, कारण अकारान्त शब्दाला ‘त’ लागताना कान ‘नटसम्राटात’ची वाट पाहत असतो. अशा नावांना ‘त’, ‘स’ असे छोटे प्रत्यय टाळा आणि मध्ये, मधील, साठी, बद्दल, विषयी हे पूर्ण शब्द लावा : ‘नटसम्राट’मध्ये, ‘मृत्युंजय’मधील.

तरीही शंका असेल तर कधीही न चुकणारा साचा आहे :

‘नाव’ + या + प्रकार + प्रत्यय

‘नटसम्राट’ या नाटकात, ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाने, ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातील. प्रत्ययाचा सगळा भार नाटक, ग्रंथ, आत्मचरित्र हा शब्द उचलतो आणि नाव अखंड राहते. हा साचा सातवी-आठवीच्या मुलांना आधी शिकवावा, सुटे प्रत्यय नंतर. प्रत्येक वाक्यात तोच वापरला तर लेखन जड होते, म्हणून पहिल्या उल्लेखाला साचा आणि नंतर थेट प्रत्यय, अशी सांगड घाला.

तिसरा नियम क्रियापदाचा : लिंग आणि वचन नावाचे नव्हे, कृतीच्या प्रकाराचे धरायचे. ‘विशाखा’ हे मुलीचे नाव वाटले तरी तो काव्यसंग्रह आहे, म्हणून ‘विशाखा’ १९४२ साली प्रसिद्ध झाला. ‘स्मृतिचित्रे’ हा शब्द अनेकवचनी असला तरी पुस्तक एक आहे, म्हणून ‘स्मृतिचित्रे’ हे वाचनीय आहे, ‘आहेत’ नव्हे. ‘मृत्युंजय’ ही कादंबरी म्हणून १९६७ साली ती प्रसिद्ध झाली.

चिन्ह गाळल्याने अर्थच कसा फिरतो हे महात्मा फुल्यांच्या १८७३ सालच्या पुस्तकावरून दिसते. “गुलामगिरीत फुल्यांनी कोणते विचार मांडले?” या वाक्यात ‘गुलामगिरीत’ म्हणजे दास्यात असताना, असा अर्थ सहज निघतो. “‘गुलामगिरी’त फुल्यांनी कोणते विचार मांडले?” इथे संशय उरत नाही. “आगरकर सुधारकात लिहीत” या वाक्याचेही तसेच. १८८८ साली सुरू झालेले त्यांचे पत्र ‘सुधारक’ होते, हे चिन्हानेच कळते.

विरामचिन्हांची जागा

स्वल्पविराम आणि पूर्णविराम वाक्याचे असतात, म्हणून ते चिन्हाच्या बाहेर : ‘कोसला’, ‘बनगरवाडी’ आणि ‘ययाति’ या कादंबऱ्या. प्रत्येक नावाला स्वतंत्र चिन्ह हवे, तिन्ही नावे एकाच जोडीत कोंबू नका. अमेरिकी इंग्रजीत स्वल्पविराम आणि पूर्णविराम अवतरणाच्या आत घालतात. इंग्रजी माध्यमातली मुले ती सवय मराठीत आणतात, तिथे लक्ष ठेवा.

प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्ह नावाचेच असेल तर ते आत राहते. अशा नावाने वाक्य संपत असेल तर आत प्रश्नचिन्ह आणि बाहेर पूर्णविराम अशी गर्दी होते. सोपा उपाय म्हणजे वाक्य फिरवणे. “टिळकांच्या अग्रलेखाचे नाव ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’.” याऐवजी “टिळकांनी ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा अग्रलेख लिहिला.” मराठी वाक्याच्या शेवटी क्रियापद येत असल्याने ही कसरत क्वचितच करावी लागते.

मुख्य शीर्षक आणि उपशीर्षक यांच्यामध्ये अपूर्णविराम येतो. इथे एक खास देवनागरी घोटाळा होतो. अपूर्णविराम आणि विसर्ग दिसायला जवळपास सारखे, आणि मराठी कीबोर्डवर विसर्ग चटकन हाताला लागतो. मग ‘कोसला’ऐवजी ‘कोसलाः’ असे संस्कृत वाटणारे रूप तयार होते. मराठी छपाईत अपूर्णविरामाच्या आधी थोडी जागा सोडतात त्याचे कारण हेच. टाइप करतानाही आधी एक आणि नंतर एक अशी जागा सोडा. विसर्ग अक्षराला चिकटून येतो, त्यामुळे मग चूक लगेच दिसते.

नावाच्या आत दुसरे नाव आले तर आतल्याला दुहेरी चिन्ह : ‘“नटसम्राट”मधील वृद्धत्व’ हा लेख.

हाताने लिहिताना

अवतरणचिन्ह शिरोरेषेच्या किंचित वर, अक्षरापासून थोडे सुटे काढा. ते वेलांटीला किंवा मात्रेला चिकटले की घाईत तपासणाऱ्याला अनुस्वार वाटतो. ‘केसरी’सारख्या वेलांटीने संपणाऱ्या नावात हे हमखास होते. लांब नाव दोन ओळींत गेले तर ओळीच्या शेवटी चिन्ह बंद करून पुढच्या ओळीवर पुन्हा उघडू नका. एकदा उघडायचे, नाव संपल्यावर एकदा बंद करायचे.

काही शाळांत पुस्तकाच्या नावाखाली रेघ मारायला सांगतात. ही पद्धत रोमन लिपीतून आली आहे. तिकडे बहुतेक अक्षरे खालच्या रेषेवर टेकतात आणि रेघ सुटी राहते. देवनागरीत उकार आणि ऋकार खाली लोंबतात. ‘मृत्युंजय’ लिहून त्याखाली अक्षरांना लागून रेघ मारून पाहा : रेघ ‘मृ’च्या ऋकारातून आणि ‘त्यु’च्या उकारातून जाते आणि लांबून ‘मत्यंजय’ दिसते. वर शिरोरेषा असतेच, तेव्हा शब्द दोन रेघांच्या मध्ये अडकतो. रेघ मारणे सक्तीचेच असेल तर पट्टीने, उकाराच्या टोकाच्या खाली, शब्दापासून साधारण दोन मिलिमीटर सोडून मारा. मात्र रेघ आणि अवतरणचिन्ह दोन्ही एकदम देऊ नका. एका नावाला एकच खूण पुरते.

संगणकावर आणि मोबाईलवर

इंग्रजीत पुस्तकाचे नाव तिरप्या अक्षरात देतात म्हणून मराठीतही ते करावे, असे पुष्कळांना वाटते. ते टाळा. मुक्ता, नोटो सॅन्स देवनागरी अशा प्रचलित देवनागरी फॉन्टांना खरे तिरपे वळणच नाही. तिरपे करण्याचे बटण दाबल्यावर संगणक सरळ अक्षर यांत्रिकपणे वाकवतो. त्यात वेलांटी आणि रफार शेजारच्या अक्षरावर झुकतात आणि छापल्यावर जोडाक्षरे खिचडीसारखी दिसतात. शिरोरेषा आडवीच राहत असल्याने तिरपेपणा नीट जाणवतही नाही, म्हणजे हेतूही साधत नाही.

ठळक अक्षर हा पर्याय प्रकल्पात किंवा महाविद्यालयीन शोधनिबंधात चालतो : पूर्ण कृतीचे नाव ठळक, भागाचे नाव एकेरी चिन्हात. मात्र त्याच पानावर उपशीर्षकेही ठळक असतील तर पान ठिपक्याठिपक्यांचे दिसते. शाळेच्या कामासाठी सगळीकडे एकेरी चिन्ह हाच आमचा आग्रह आहे.

टाइप करताना होणाऱ्या तीन चुका :

सरळ आणि वळणदार चिन्हांची सरमिसळ. मोबाईलवर लिहिलेला मजकूर संगणकावर चिकटवला की काही नावांना सरळ चिन्ह आणि काहींना वळणदार राहते. विंडोजवर आकड्यांच्या वेगळ्या पट्ट्यावरून, नंबर लॉक चालू ठेवून आणि ऑल्ट कळ दाबून धरून ०१४५ दिल्यावर उघडणारे एकेरी चिन्ह येते, ०१४६ने बंद होणारे. दुहेरीसाठी ०१४७ आणि ०१४८. मोबाईलवर अवतरणचिन्हाची कळ दाबून धरली की पर्याय दिसतात.

उघडणाऱ्या जागी बंद होणारे चिन्ह. डॅशला किंवा अक्षराला चिकटून चिन्ह टाइप केले की प्रोग्रॅम ते बंद होणारे आहे असे समजतो. डॅशनंतर एक जागा सोडा, मग चिन्ह द्या.

‘ऱ्या’ आणि ‘र्या’. ‘शेतकऱ्याचा असूड’ टाइप करताना साध्या ‘र’ला पाय मोडून ‘य’ जोडला की रफार तयार होतो आणि ‘शेतकर्याचा’ उमटते. इथे नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन त्याचा पाय मोडायचा आणि मग ‘या’ द्यायचा. नावातली ही चूक मजकुरातल्या चुकीपेक्षा महाग पडते, कारण शोध घेताना अक्षर न अक्षर जुळावे लागते.

शेवटी कीबोर्डच्या सुचवण्यांवर लक्ष ठेवा. ‘ययाति’ लिहिताना पुढे ‘ययाती’ सुचवले जाऊ शकते आणि बोट सवयीने त्यावर पडते.

परीक्षेच्या उत्तरात

दहावीच्या रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे तीन मुद्दे लिहायचे असतात. कवी आणि कविता यांची नावे पहिल्याच वाक्यात, साच्यात बसवून लिहून टाका. ‘कोलंबसाचे गर्वगीत’ या कवितेत कवी कुसुमाग्रज, अशी सुरुवात झाली की पुढे ‘ही कविता’, ‘कवी’ एवढे पुरते. पूर्ण नाव परिच्छेदागणिक घोळवत राहिल्याने गुण वाढत नाहीत, जागा मात्र जाते.

कुमारभारती किंवा युवकभारतीतला पाठ बऱ्याचदा मोठ्या पुस्तकातला उतारा असतो आणि पाठाचे नाव पुस्तकाच्या नावाहून वेगळे असते. मूळ पुस्तकाचे नाव पाठासोबतच्या लेखकपरिचयात किंवा टिपेत मिळते. उत्तर पाठावर असेल तर पाठाचे नाव द्या. प्रकल्पासाठी मूळ पुस्तक वाचले असेल तर पुस्तकाचे द्या. पाठ वाचून मूळ पुस्तक वाचल्याचा आव आणू नये, तोंडी परीक्षेत ते दोन प्रश्नांत उघडे पडते.

स्वतःच्या लेखाचे शीर्षक

आपल्या निबंधाचे शीर्षक पानाच्या वर, मध्यभागी, अवतरणचिन्हाशिवाय आणि पूर्णविरामाशिवाय. प्रश्न असेल तर प्रश्नचिन्ह ठेवा. त्यात दुसऱ्या कृतीचे नाव असेल तर तेवढ्यालाच चिन्ह :

‘नटसम्राट’मधील वृद्धत्व

संपूर्ण ओळ अवतरणात घातली तर ती दुसऱ्या कुणाच्या लेखातून उचलली आहे असा समज होतो.

संदर्भसूचीत

सूचीत वाक्य नसते, त्यामुळे प्रत्ययांची कटकट संपते आणि क्रम महत्त्वाचा होतो. शाळेसाठी हा पुरतो : आडनाव, नाव. ‘पुस्तकाचे नाव’. प्रकाशन, गाव, आवृत्ती, वर्ष. उदाहरणार्थ : नेमाडे, भालचंद्र. ‘कोसला’. पॉप्युलर प्रकाशन, मुंबई, आणि पुढे तुमच्या हातातल्या प्रतीवरची आवृत्ती आणि वर्ष. पहिल्या प्रकाशनाचे वर्ष १९६३ आहे म्हणून अलीकडच्या प्रतीपुढे १९६३ लिहू नका. पान क्रमांक त्या प्रतीशी जुळणार नाहीत.

लेखासाठी : लेखक. ‘लेखाचे नाव’. ‘नियतकालिकाचे नाव’, अंकाची तारीख, पृष्ठे. मराठी विश्वकोशातील नोंद असेल तर नोंदीचे नाव एकेरी चिन्हात, मग विश्वकोशाचे नाव आणि खंड. संकेतस्थळावरच्या लेखाला लेखाचे नाव चिन्हात, स्थळाचे नाव साधे आणि पाहिल्याची तारीख.

क्रम वर्णमालेचा ठेवताना अवतरणचिन्ह विचारात घेत नाहीत. संगणकाकडून यादी लावून घेतली तर ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ने सुरू होणारी नावे ‘क’ आणि ‘ज’मध्ये जाऊन बसतात. मराठी कोशांच्या क्रमाने ती शेवटी हवी असतील तर हाताने हलवावी लागतात.

दुसऱ्या भाषेतली नावे

हिंदी पुस्तकाचे नाव हिंदीत आहे तसेच : प्रेमचंदांची ‘गोदान’ ही कादंबरी. इंग्रजी नाव मराठी निबंधात देवनागरीत लिहायचे ठरवले तर सगळीच तशी लिहा आणि मराठीचा ‘ॲ’ वापरा : जॉर्ज ऑर्वेलची ‘ॲनिमल फार्म’. नावाचे स्वतः भाषांतर करून ते चिन्हात घालू नका. त्या नावाचे मराठी पुस्तक बाजारात आहे असे वाटेल. अर्थ सांगायचाच असेल तर चिन्हाशिवाय, कंसात सांगा.

इंग्रजीत निबंध लिहिताना मात्र सगळी व्यवस्था बदलते. संदर्भ देण्याच्या एमएलए या इंग्रजी पद्धतीत (नववी आवृत्ती, २०२१) पुस्तक, नाटक, चित्रपट, वृत्तपत्र यांची नावे तिरप्या अक्षरात आणि कविता, कथा, लेख, प्रकरण यांची दुहेरी अवतरणात. हाताने लिहिताना तिरप्याच्या जागी अधोरेखन. नावातल्या महत्त्वाच्या शब्दांची आद्याक्षरे कॅपिटल. एपीए या दुसऱ्या संदर्भपद्धतीत (सातवी आवृत्ती) मजकुरात असेच, पण संदर्भसूचीत नावाचा पहिला शब्द, अपूर्णविरामानंतरचा पहिला शब्द आणि विशेषनामे एवढीच कॅपिटल, आणि लेखाच्या नावाला सूचीत अवतरणचिन्ह नाही. मजकुराचा नियम सूचीला लावणे ही इथली नेहमीची चूक.

मराठी पुस्तकाचे नाव इंग्रजी निबंधात आले तर ते रोमन लिपीत, तिरप्या अक्षरात आणि पहिल्या उल्लेखानंतर चौकटी कंसात इंग्रजी अर्थ. मराठीत कॅपिटल नसल्याने पहिले अक्षर आणि नावातली विशेषनामे एवढीच कॅपिटल करा.

देण्याआधी तपासणी

शोधा या सुविधेत उघडणारे एकेरी चिन्ह घालून एकेका नावावर थांबत जा. प्रत्येक ठिकाणी चार गोष्टी पाहा : चिन्ह बंद झाले आहे का, आतले नाव शीर्षकपानाशी जुळते का, प्रत्यय बाहेर आणि चिकटून आहे का, आणि क्रियापद प्रकाराप्रमाणे आहे का. मग बंद होणारे चिन्ह, एक मोकळी जागा आणि ‘मध्ये’ असे एकत्र शोधा. तुटलेले प्रत्यय तिथे सापडतील. हस्तलिखितात हेच काम पेन्सिलीने प्रत्येक नावाखाली बारीक टिंब देत करा आणि तपासून झाल्यावर टिंबे खोडून टाका.